रिटायर्ड रिपीटर

१ जानेवारी २०१३ ही तारीख अमेरिकेतल्या वायरलेसवाल्यांच्या डोक्यावर कितीतरी वर्षं टांगलेली होती. पोलीस, अग्निशमन दल, शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका, कारखाने अशा ज्यांचे म्हणून सेट १५० ते १७४ किंवा ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये चालत, त्या सगळ्यांना एफसीसीने, म्हणजे वायरलेसचे नियम करणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने, बजावलं होतं: आजवर एका चॅनलला २५ किलोहर्ट्झ जागा घेत होतात, आता साडेबारात भागवा. दाटी झाली होती, मागणी वाजवीच होती. नव्या सेटमध्ये कॉम्प्युटर जोडून एक आकडा बदलला की काम होत असे. जुन्या, क्रिस्टलवर (वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकाच्या तुकड्यावर) चालणाऱ्या सेटचे फिल्टरच मुळात रुंद चॅनलच्या मापाने घडवलेले. त्यांना आवळत बसण्यापेक्षा नवे घेणं स्वस्त. तेव्हा ते रॅकमधून उतरवले गेले. बिघडले म्हणून नव्हे. आदल्या रात्रीपर्यंत ते आगीचे बंब बरोबर त्या त्या पत्त्यावर पाठवत होते.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमना, ही सक्ती नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे त्या काळात आमची चंगळ झाली. ‘फुकट न्या, फक्त उचलायला माणसं तुमची’ या बोलीवर कपाटंच्या कपाटं मिळत होती. उचलायला माणसं लागतच. ही यंत्रं वजन कमी ठेवावं अशा कुठल्याही विचाराने बनवलेली नाहीत.

मी पुण्यात असताना मोर्सची परीक्षा देऊन परवाना काढला होता. नोकरीच्या निमित्ताने ओहायोत आलो, इथली परीक्षा दिली आणि काउंटीतल्या एका छोट्या क्लबात शिरलो. तिथे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. पोलिसांचे आणि टॅक्सीवाल्यांचे सेट दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारतो. पण मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणतो आणि इथेही तेच म्हणणार आहे.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातातला वॉकीटॉकी पाचेक वॉटचा. मध्ये टेकडी आली, इमारत आली की त्याचा आवाज संपला. म्हणून उंचावर, मनोऱ्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर अँटेना लावून खाली एक यंत्र ठेवायचं. ते एका वारंवारतेवर ऐकतं आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात बोलतं. हा रिपीटर. दोन मीटर तरंगलांबीच्या बँडवर अमेरिकेत या दोन वारंवारतांमध्ये साधारण ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं. १४६.३४ वर ऐकायचं आणि १४६.९४ वर बोलायचं ही जोडी तर इतकी जुनी, की जुने हॅम नुसतं ‘चौतीस-चौऱ्याण्णव’ म्हणतात.

त्या १४६.९४ ची कुळकथाही टाकून दिलेल्या मालापासूनच सुरू होते. पन्नासच्या दशकाची अखेर आणि साठचं दशक या काळात एफसीसीने असेच एकदा चॅनल आवळले होते. तोवर बोलण्याच्या चढउताराबरोबर वारंवारता दोन्ही बाजूंना पंधरा किलोहर्ट्झ हलायची. ती पाचवर आणायला लावली. टॅक्सीतून, पोलिसांच्या गाड्यांतून व्हॉल्व्हचे सेट उतरले आणि हॅमनी ते पडत्या भावात उचलले. क्रिस्टल विकत घ्यावा लागे, दर चॅनलला वेगळा, म्हणून शहाण्यासारखे सगळे एकाच वारंवारतेवर जमले. १९७२ मध्ये एफसीसीने हौशी रिपीटरसाठी वेगळे नियम केले तेव्हा टेकड्याटेकड्यांवर असली घरगुती यंत्रं आधीच बोलत होती. तेव्हा काय, २०१३ मध्ये काय, सरकारने चाप लावला तो दुसऱ्यांना आणि भरला तो आमचा गोठा. काका हे मोठ्या समाधानाने सांगतात. त्यांनी दोन्ही वेळचे सेट हाताळले आहेत.

आमच्या वाट्याला आला तो जनरल इलेक्ट्रिकचा मास्टर टू. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये हे सेट बनत. सत्तरच्या दशकातली रचना. पुढे त्या धंद्यावरची पाटी एरिक्सन, मग एम/ए-कॉम, मग हॅरिस अशी बदलत गेली. आमचा सेट शेजारच्या एका गावाच्या अग्निशमन दलात होता. कपाटाचं दार उघडल्यावर आधी वास आला, तापून तापून सुकलेल्या वार्निशचा आणि धुळीचा. दाराच्या आतल्या बाजूला पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलेलं. त्यावर कोणी कधी तपासणी केली, आउटपुट किती वॉट होतं, वारंवारता किती हर्ट्झने सरकली होती हे ओळीने लिहिलेलं. शाई बदललेली, अक्षर बदललेलं, सह्या बदललेल्या. आकडे मात्र जवळजवळ तेच. एकाने समासात ‘पंखा कुरकुरतो’ एवढंच लिहून ठेवलं होतं. त्यापुढच्या कोणीही पंखा बदलल्याची नोंद नाही आणि पंखा अजून कुरकुरतो.

हे कार्ड मला यंत्रापेक्षा जास्त बोलकं वाटलं. शंभर वॉटचा सेट आणि वर्षानुवर्षं शंभर वॉट. पॉवर अॅम्प्लिफायरला मागे बोटभर उंचीच्या पाकळ्यांचं, उष्णता बाहेर टाकणारं अॅल्युमिनियमचं हीटसिंक आहे, जे एका सेटला पुरून उरेल. कागदावर लिहिलेलं असतं ‘कंटिन्युअस ड्युटी’, म्हणजे बटण दाबून धरा आणि जेवून या. ज्याने हे यंत्र आखलं त्याच्या डोळ्यांसमोर आग लागलेलं गाव होतं, त्यामुळे त्याने प्रत्येक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त दिलं. गाडीत बसणारा मास्टर टू याच कुटुंबातला, पण तो थांबून थांबून बोलण्यासाठी. त्याचा रिपीटर करणारे त्याला पंखा लावतात आणि आउटपुट निम्म्यावर आणतात. आम्ही तर कपाटातल्या या बड्या भावालाही पन्नास-साठ वॉटवरच ठेवलं आहे. रविवारी रात्री क्लबाचं नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर जमणं, तासभर चालतं, हीटसिंकवर हात ठेवला तर कोमट लागतं. आमच्या सगळ्या छंदाचा डोलारा या शिलकीवर उभा आहे. दुसऱ्या कोणी, दुसऱ्यांच्या काळजीने, पैसे मोजून ठेवलेली शिल्लक आम्ही खातो आहोत.

अग्निशमन दलाची वारंवारता १५४ मेगाहर्ट्झच्या आसपास, आम्हाला हवी १४७ च्या आत. सात मेगाहर्ट्झ म्हणजे फार नाही. रिसीव्हरच्या तोंडाशी हेलिकल फिल्टर असतात, पितळी स्क्रू आत-बाहेर करून ते जुळवायचे. आमचे स्क्रू जवळजवळ तळाला टेकले तेव्हा कुठे सिग्नल सगळ्यांत वर आला. अजून दोन मेगाहर्ट्झ खाली जायचं असतं तर आतल्या कॉइलला हात लावावा लागला असता. म्हणून विकत घेण्याआधी सेट कुठल्या रेंजचा आहे ते बघायचं. नावपाटीवरचं मॉडेल सारखंच दिसतं आणि आतला माल वेगळा असतो. पुढच्या पिढीतल्या मोटोरोला क्वांटारचंही तसंच: १३२ ते १५४ चा वेगळा, १५० ते १७४ चा वेगळा. दुसरा प्रकार स्वस्तात मिळाला म्हणून हुरळणारे झीनियाच्या बाजारात दरवर्षी भेटतात.

झीनिया म्हणजे डेटनच्या हॅमव्हेन्शनचं गाव. २०१६ पर्यंत हा मेळा हारा अरीनात भरायचा, २०१७ पासून झीनियाच्या जत्रेच्या मैदानावर. मे महिना, हमखास पाऊस, आणि घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणात मांडलेला जुना बाजार. गमबूट घालून चिखलातून ट्रॉली ओढणारे पोक्त लोक पाहिले की मला पुण्यातला रविवारचा जुना बाजार आठवतो. फरक एवढाच की इथे घासाघीस कमी आणि माहिती जास्त. विकणारा स्वतःहून सांगतो की यातलं काय जळलं आहे.

असो. सेट वारंवारतेवर आला, कंट्रोलर जोडला, दर दहा मिनिटांनी मोर्समध्ये कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) जाऊ लागला, म्हणजे रिपीटर झाला असं बाहेरच्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे.

यंत्राला एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं असतं. रिसीव्हरला पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल कळला पाहिजे. ट्रान्समीटर शंभर वॉटचा धरला तर या दोन ताकदींचं गुणोत्तर आठावर सोळा शून्यं एवढं भरतं. मिरवणुकीत ढोल बडवणाऱ्यानेच, टोला न चुकवता, पलीकडच्या पेठेतल्या तान्ह्या बाळाची कुरकुर ऐकावी, असं हे मागणं आहे. त्यातही अडचणी दोन आणि वेगवेगळ्या. एक, ट्रान्समीटरचा मुख्य सिग्नल रिसीव्हरला बधिर करतो. दोन, कुठलाही ट्रान्समीटर फक्त आपल्याच वारंवारतेवर बोलत नाही. आजूबाजूला बारीक खरखर सांडत असतो आणि ६०० किलोहर्ट्झ दूर असलेल्या रिसीव्हरच्या नेमक्या जागेवरही ती पडते. पहिल्या अडचणीचा इलाज रिसीव्हरच्या बाजूने, दुसरीचा ट्रान्समीटरच्या बाजूने करावा लागतो. एका बाजूने कितीही जोर लावा, दुसरी तशीच राहते.

हे दोन्ही इलाज ज्यात असतात तो डुप्लेक्सर. सहा नळकांडी, त्यांना कॅव्हिटी म्हणतात, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. १४६ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे अर्धा मीटर, त्यामुळे नळकांडीही तेवढी उंच. सगळं मिळून ऐंशी-नव्वद डेसिबलचा आडोसा उभा करायचा असतो. व्यापारी मालात मिळणारे पुष्कळ चपटे डुप्लेक्सर इथे निरुपयोगी, कारण ते पाच मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त अंतरासाठी केलेले असतात. ६०० किलोहर्ट्झ म्हटल्यावर ते हात टेकतात. सेट फुकट मिळतो, डुप्लेक्सर नाही. नव्या माणसाला मी आधी हेच सांगतो: पैसे नळकांड्यांसाठी ठेव.

कॅव्हिटी जुळवताना पाहण्यासारखं असतं. वर एक दांडा, त्याला नट. दांडा केसभर खाली केला की अॅनालायझरच्या पडद्यावरची खोल दरी, म्हणजे नको ती वारंवारता दबते ती जागा, डावीकडे सरकते. बरोबर जागी आणली, नट आवळला, की ती पुन्हा हलते. मग काका नट आवळल्यावर ती किती हलणार हे धरूनच दांडा उलट्या बाजूला चुकवून ठेवतात आणि आवळताना ती आपसूक जागेवर येते. मी हे बरेचदा पाहिलं आहे, मला अजून जमत नाही. ते नळकांड्याला हात टेकवू देत नाहीत. तळहाताच्या उबेने खरंच काही होतं का हे मी मोजलेलं नाही, पण काकांसमोर मोजायची हिंमतही नाही. तो दांडा इन्व्हारचा असतो, लोखंड आणि सुमारे छत्तीस टक्के निकेल. उष्णतेने तो जवळजवळ वाढतच नाही. शार्ल एदुआर गियोम या माणसाने तो शोधला आणि त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या डोळ्यांसमोर घड्याळं आणि मोजपट्ट्या होत्या. आमच्या खोलीत हिवाळ्यात पाणी गोठतं आणि जुलैत पंखाही गरम वारा फेकतो, तरी दरी जागची हलत नाही ती त्याच्या कृपेने.

मग कसोटी. अँटेना जोडलेलीच ठेवायची, मधल्या जोडणीतून मोजून क्षीण सिग्नल आत सोडायचा, इतका क्षीण की आवाज सळसळीतून जेमतेम कळावा. ट्रान्समीटर बंद असताना ऐकायचं. मग चालू करून ऐकायचं. सळसळ वाढली नाही तर जिंकलात. आमच्याकडे खोलीत वाढत नव्हती, मनोऱ्यावर वाढायची, तीही वारा असला की. डुप्लेक्सर दोनदा उतरवून झाला. शेवटी सापडली ती केबल. बाहेरून उत्तम, कमी लॉसची. पण आत अॅल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची जाळी. दोन भिन्न धातू एकमेकांवर घासले की प्रत्येक स्पर्श एक छोटा डायोड (वीज एकाच बाजूला जाऊ देणारा भाग) होतो आणि कडकडतो. एका वेळी नुसतं बोलणाऱ्या किंवा नुसतं ऐकणाऱ्या सेटवर हे कधी कळणारही नाही. डुप्लेक्समध्ये, म्हणजे दोन्ही एकदम चालू असताना, मात्र जीव खातं. दुहेरी, चांदी चढवलेल्या जाळीची केबल लावली आणि खरखर गेली. ती केबल महाग असते. काकांनी आधीच सुचवली होती हेही नोंदवून ठेवतो.

मास्टर टू माझा लाडका असला तरी स्क्वेल्चच्या बाबतीत मी मोटोरोलाच्या मायकॉरकडे झुकतो. बोलणाऱ्याने बटण सोडलं की रिसीव्हरमधून खळ्ळकन खरखर येते, ती दाबणारं सर्किट म्हणजे स्क्वेल्च. साध्या स्क्वेल्चपुढे पेच असतो: लगेच दाबलं तर दूरवरून गाडीत बसून बोलणाऱ्याचे शब्द तुटतात, कारण त्याचा सिग्नल क्षणाक्षणाला फडफडतो, थांबून दाबलं तर प्रत्येक वाक्यामागे शेपूट ऐकावं लागतं. मायकॉरमधली चिप सिग्नल किती स्वच्छ होता ते बघते. स्वच्छ होता तर तत्क्षणी दार बंद, शेपूट ऐकूच येत नाही. सळसळता होता तर सेकंदाचा अंश थांबते, माणूस परत येतो का याची वाट पाहते. सत्तरच्या दशकात एका चिपमध्ये बसवलेला हा समजूतदारपणा हॅमना इतका आवडला, की मायकॉर भंगारात गेले तरी त्यातली ही चिप काढून दुसऱ्या रिपीटरला जोडणारे निघाले. आमच्या मास्टर टूलाही तसलंच एक बोर्ड आहे. दोन हाडवैरी कंपन्यांचं रक्त एकाच कपाटात.

जुन्याचं कौतुक एका मर्यादेपर्यंतच खरं. ही यंत्रं वीज खातात, आणि मनोऱ्याचा मालक जागा फुकट देत असला तरी विजेचं बिल आम्ही भरतो. क्रिस्टलची तर पंचाईतच. मास्टर टूमध्ये क्रिस्टल एका छोट्या डबीत असतो. तो स्वतः दहा-पंधरा मेगाहर्ट्झला थरथरतो, पुढे ती वारंवारता पटीत वाढवत नेतात आणि त्याबरोबर चूकही वाढते. पाच पीपीएमची (दहा लाखांत पाच एवढ्या चुकीची) डबी म्हणजे १४७ मेगाहर्ट्झवर सुमारे ७३५ हर्ट्झ इकडे किंवा तिकडे. चालतं. पण नवा क्रिस्टल कापून देणार कोण? ओक्लाहोमा सिटीतली इंटरनॅशनल क्रिस्टल ही हॅमच्या कित्येक पिढ्यांची पेढी २०१७ मध्ये बंद झाली. आता डबीतला क्रिस्टल काढून तिथे प्रोग्रॅम करता येणारा सिंथेसायझर, म्हणजे हवी ती वारंवारता तयार करणारं सर्किट, बसवणारे आहेत. काम चोख होतं. पण हे करताना एक्सायटर (ट्रान्समीटरचा सुरुवातीचा भाग) बदलला, स्क्वेल्च बदलला, कंट्रोलर नवा, असं करत करत जुनं कपाट आणि हीटसिंक एवढंच उरतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण शिल्लक नेमकी त्या हीटसिंकमध्येच आहे.

पुण्याच्या मित्रांना हे सगळं सांगितलं की विचारतात, आपल्याकडे का नाही? आपल्याकडेही एकदा असंच झालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं रेडिओचं सामान बाजारात आलं आणि त्यावर भारतातल्या हॅमची एक पिढी पोसली. पण १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगायलाही मनाई केली होती. त्यामुळे पोलिसांचा उतरवलेला सेट भंगाराच्या गाडीवरून जुन्या बाजारात आणि तिथून कुणा कॉलेजातल्या पोराच्या टेबलावर पोचावा, ही वाट मोकळी राहिली नाही. शिवाय आपल्याकडे दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ एवढाच. इथे १४८ पर्यंत. व्यापारी सेट अजून खाली ओढावा लागतो, म्हणजे आमचे ते तळाला टेकलेले स्क्रू आठवा.

आता नेहमीचा प्रश्न: या रिपीटरवर बोलतं कोण? खरं सांगायचं तर फार कोणी नाही. सकाळी कामावर जाणारे दोघे-तिघे, रविवारचं नेट, वादळाचा इशारा आला की आकाश बघून कळवणारे. दिवसाचे बरेच तास तो फक्त ऐकत असतो. क्लबात एका तरुण सभासदाने मांडलं की मोबाइलच्या जमान्यात हे म्हणजे म्हाताऱ्यांचं देवघर झालं आहे, नवा डिजिटल सेट घ्या, हाताएवढा येतो, विजेचं बिल निम्मं. त्याचं बिलाचं गणित बरोबर होतं आणि मी ते मान्यही केलं. पण त्या नव्या सेटच्या माहितीपत्रकात पूर्ण ताकदीवर सलग किती वेळ बोलता येईल यापुढे बारीक अक्षरात अटी होत्या. काकांनी चष्मा वर करून त्या मोठ्याने वाचल्या आणि खाली बसले. मतदान झालं. मास्टर टू राहिला, शिवाय यूएचएफसाठी, म्हणजे आणखी वरच्या वारंवारतांसाठी, दुसरा छोटा रिपीटर घ्यायचं ठरलं, म्हणजे बिल वाढलंच.

तो छोटा आला आहे: मोटोरोलाचा जीआर-३००, एका पेटीत दोन जीएम-३००, एक ऐकायला, एक बोलायला. याला क्रिस्टल नाही, हेलिकलशी झटापट नाही, फक्त प्रोग्रॅम करायचा. अडचण अशी की प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर डॉसमधलं, मध्ये एक इंटरफेसची डबी लागते, आणि कॉम्प्युटर जरा वेगवान असला की सिरीयल पोर्टवरचं दोघांचं बोलणं जुळत नाही, सेट अर्धवट वाचून अडकतो. डबी मिळाली. कॉम्प्युटर मिळत नाहीये. ओहायोत किंवा आसपास कुणाच्या तळघरात खरा सिरीयल पोर्ट असलेला, नव्वदच्या दशकातला ४८६ लॅपटॉप पडून असेल तर मला हवा आहे. बॅटरी मेलेली चालेल, फ्लॉपी ड्राइव्ह मात्र जिवंत पाहिजे.